झटका यंत्र चालू असूनही म्हशी कुंपण का ओलांडतात?

सांवेरच्या शेतात कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणाऱ्या यंत्राची टकटक ऐकू येते, तरी म्हशी तार रेटून बाहेर पडतात, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोष बहुधा अर्थिंगचा (यंत्र सळईने जमिनीशी जोडण्याचा) असावा, कारण इंदूरकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळून कोरडी पडली की विजेला जमिनीतून यंत्राकडे परतायला वाटच उरत नाही आणि म्हशीला झटका नीट बसत नाही. हे तपासायला यंत्र बंद करून त्यापासून 100 मीटरवर लोखंडी सळई रोवून तारेला टेकवावी, यंत्र चालू करून तारेवरचा दाब 2000 व्होल्टखाली आल्यावर अर्थिंगच्या सळईवर कुंपणाचा मीटर लावावा (साधा मल्टिमीटर जळतो). 300 व्होल्टहून अधिक दिसल्यास आणखी सळया ठोकून भोवती पाणी घालावे. एरवी तारेवर किमान 3000 व्होल्ट हवेत. घरची 230 व्होल्टची लाइन मात्र तारेला थेट कधीही जोडू नये. माणूस जागीच दगावतो.