बाळ चार महिन्यांचं आहे: तांबी, गोळ्या की इंजेक्शन, सगळ्यात कमी त्रास कशाचा?

ताई, तुम्ही लिहिलंय की बाळ चार महिन्यांचं आहे, फक्त अंगावर पितं आणि दुसरं तीन वर्षांनी हवंय. मिस्टर म्हणतात गोळ्या घे. सासूबाई म्हणतात तांबी नको, ती वर छातीत चढते. सासूबाईंपासूनच सुरुवात करते, कारण मुंबईत पालिकेच्या कुठल्याही प्रसूतिगृहात कुटुंब नियोजनाच्या टेबलावर बसलेल्या सिस्टरला विचारा, हे वाक्य ती कायम ऐकत असते.

तांबी, म्हणजे कॉपर-टी, चढत नाही. ३६ मिलिमीटर उंच आणि ३२ मिलिमीटर रुंद, इंग्रजी टी अक्षरासारखी प्लास्टिकची काडी, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. गर्भपिशवी आतून साधारण ६ ते ८ सेंटीमीटर खोल. वरच्या दोन कोपऱ्यांत बीजनलिकांची तोंडं असतात, ती सुईच्या नेढ्याएवढी. तिथून ३२ मिलिमीटरचे हात जाणार कसे? आणि छातीकडे जाणारा रस्ता पिशवीतून निघतच नाही.

मग ही भीती येते कुठून? धाग्यातून, आणि पहिल्या तीन महिन्यांतून.

तांबी बसवल्यावर पिशवीच्या तोंडाबाहेर साधारण ३ सेंटीमीटर धागा ठेवून बाकीचा कापतात. हा धागा काही आठवड्यांत मऊ होतो आणि तोंडाभोवती वळून चिकटतो. कापणाऱ्याने एक सेंटीमीटरच ठेवला तर तो दाढीच्या खुंटासारखा ताठ राहतो आणि नवऱ्याला टोचतो. आखूड धागा टोचतो, लांब नाही. लोक उलटं समजतात आणि अजून कापून मागतात. तसं करून देऊही नये आणि घेऊही नये.

कधीकधी धागा तोंडाच्या आत सरकतो, बोटाला लागत नाही, आणि शेजारीण म्हणते, "गेली वर." अशा वेळी क्रम पक्का ठेवायचा. आधी लघवीची तपासणी, दिवस राहिलेत का बघायला. तांबी सापडेपर्यंत निरोध. मग डॉक्टर तोंडातून धागा शोधतात, नाही मिळाला तर सोनोग्राफी. त्यातही दिसली नाही तर पोटाचा एक्स-रे, कारण त्या प्लास्टिकमध्ये बेरियम असतं आणि ते एक्स-रेत पांढरं उठून दिसतं. बहुतेक वेळा तांबी जागेवरच असते, नुसता धागा गुंडाळलेला असतो. दुसरी शक्यता म्हणजे ती पाळीच्या रक्ताबरोबर पडून गेलेली असते आणि कळलेलं नसतं. हे पहिल्या काही महिन्यांतच जास्त होतं, म्हणून तेव्हा पॅड टाकण्याआधी बघायचं.

आता तीन महिन्यांचं. कुर्ल्याहून एक बाई आली होती, धाकटं दीड वर्षाचं. केस पेपरवर तांबी बसवल्याची तारीख आणि सही, खाली कोरं. तिची पाळी पाच दिवसांची आठ दिवस व्हायला लागली, गुठळ्या पडायच्या, कंबर धरायची. पहिल्या महिन्यात सहन केलं. दुसऱ्या महिन्यात घरचे म्हणाले, काढून टाक. तिसऱ्या महिन्यात ती एका दवाखान्यात गेली आणि त्यांनी दोन मिनिटांत धागा ओढून तांबी काढली. आता काय वापरणार, हे तिला कुणी विचारलं नाही. तांबी निघाली की त्याच महिन्यात दिवस राहू शकतात, हेही सांगितलं नाही. चार महिन्यांनी ती टेबलासमोर बसली ती पाळी चुकली म्हणून. तिच्या चाळीत मात्र बातमी पसरली की तांबी फेल गेली. तांबी आत नव्हतीच, तरी नाव तिचंच खराब झालं, आणि त्या चाळीतल्या आणखी किती बायका त्यामुळे घाबरून राहिल्या असतील.

चूक कुणाची, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. बसवतानाच तिला तीन वाक्यं सांगायला हवी होती. पहिल्या तीन ते सहा पाळ्यांत रक्त आणि दुखणं वाढतं, मग उतरतं. पाळी सुरू झाली की आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, जेवल्यावर, दिवसातून दोनदा, पाच दिवस (अल्सर किंवा त्या गोळीची अ‍ॅलर्जी असेल तर नाही). आणि सोबत लोहाच्या गोळ्या, कारण आपल्याकडे बाई मुळातच रक्ताने कमी असते. तासाला एक पॅड पूर्ण भिजतोय आणि असं सलग दोन तास चाललंय, ताप आहे, खालून वास येतोय, तर वाट बघायची नाही, थेट दाखवायचं.

बसवणाऱ्याच्या हाताचाही भाग आहे. पाकिटाच्या आत तांबीचे हात दुमडून नळीत भरतात. भरल्यावर पाच मिनिटांच्या आत बसवायला हवी, नाहीतर प्लास्टिक दुमडलेलंच राहू पाहतं, आत नीट उघडत नाही आणि तांबी खाली सरकते. त्याआधी सळईने पिशवीची खोली मोजायची आणि नळीवरची निळी चकती त्या मापावर आणायची. शेवटी आतली दांडी पुढे ढकलायची नाही. दांडी स्थिर धरून नळी मागे घ्यायची. दांडी ढकलली की पिशवीला भोक पडण्याचा धोका. हे सगळं तुम्हाला येण्याची गरज नाही, पण घाईघाईत पाच मिनिटांत दहा बायका उरकणाऱ्या शिबिरापेक्षा रोज बसवणाऱ्या हाताकडे जा, एवढं त्यातून घ्या.

तुमच्या बाकीच्या पर्यायांवर थोडक्यात.

मिस्टर म्हणतात त्या गोळ्या, म्हणजे माला-एन किंवा माला-डी, तुम्हाला आत्ता नकोत. त्यात इस्ट्रोजेन हे हॉर्मोन असतं आणि अंगावर पाजणाऱ्या आईला बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत त्या देत नाहीत. नंतर घेतल्यात तर २१ पांढऱ्या आणि ७ लोहाच्या, मध्ये खंड नाही. दोन किंवा जास्त पांढऱ्या चुकल्या तर पुढचे सात दिवस निरोध. चुकलेल्या गोळ्या पांढऱ्यांच्या शेवटच्या आठवड्यातल्या असतील तर लोहाच्या सोडून थेट नवं पाकीट. टीबीची रिफाम्पिसिन चालू असेल किंवा फिट्सची काही औषधं असतील तर या गोळ्या भरवशाच्या राहत नाहीत. मुंबईत टीबी घराघरात निघतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. तांबी आणि ‘अंतरा’ इंजेक्शन यांच्यावर त्या औषधांचा परिणाम होत नाही.

‘छाया’ ही गोळी तुम्हाला चालते. लखनौच्या संस्थेत शोधलेलं सेंटक्रोमन, ३० मिलिग्रॅम, यात हॉर्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. पहिली गोळी सोमवारी घेतली तर सोमवार आणि गुरुवार, तीन महिन्यांनी फक्त सोमवार. भिंतीवरच्या कालनिर्णयावर आजच खुणा करून ठेवा, कारण आठवड्याची गोळी रोजच्या गोळीपेक्षा लवकर विसरते. सात दिवस किंवा जास्त उशीर झाला तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्याला दोन. हिच्यात पाळी उशिरा येते, अंगावरून कमी जातं. पीसीओडी असेल तर नको.

अंतरा म्हणजे दर तीन महिन्यांनी १५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन. टोचल्यावर ती जागा चोळायची नाही, चोळली की औषध लवकर शोषलं जातं आणि तीन महिने पुरत नाही. तारखेच्या दोन आठवडे आधी ते चार आठवडे नंतर चालतं. इथेही पहिल्या तीन महिन्यांत थेंबथेंब जातं, मग पुष्कळ जणींची पाळीच थांबते. रक्त आत साठत नाही, अस्तरच तयार होत नाही, म्हणून जायला काही नसतं. हे आधी न सांगितल्यामुळे बायका दुसऱ्या डोसला येत नाहीत. तुमच्यासाठी अडचण वेगळी आहे: शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. तीन वर्षांनी दिवस राहायला हवे असतील तर दोन वर्षांनी थांबवावं लागेल.

अमेरिकेतल्या आकडेवारीत वर्षभरात शंभर बायकांमागे दिवस राहतात ते असे: निरोध १३, गोळ्या ७, इंजेक्शन ४, तांबी १ पेक्षा कमी. गोळ्या नियमाने घेतल्या तर त्यांचाही आकडा १ च्या खाली येतो. मधला फरक विसरण्याचा आहे. तांबीत विसरायला काही नसतं, म्हणून माझा कल तिकडे.

आणि मिस्टरांनी तुम्हाला गोळ्या सुचवल्या, स्वतःसाठी निरोध सुचवला नाही, हे माझ्या डोळ्यात भरलं. निरोध फाटतो तो अनेकदा खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावल्याने, रबर त्यात काही मिनिटांत कमजोर होतं. पाण्याचं जेल चालतं. पाकीट पँटच्या मागच्या खिशात ठेवू नये, उष्णतेने आणि घासून खराब होतं. घालताना टोक चिमटीत धरायचं, हवा राहू द्यायची नाही.

दुसऱ्या मुलानंतरचीही गोष्ट आत्ताच बोलून ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत स्त्रियांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३ टक्के निघाली. बायकांचं ऑपरेशन पोट उघडून किंवा दुर्बिणीने, पुरुषांचं बिनटाक्याचं, जागा बधिर करून, पंधरा-वीस मिनिटांत. तरी घरात एकच वाक्य, "त्याला कामं करायची आहेत, अशक्तपणा येईल." पुरुषी हॉर्मोन वृषणातून थेट रक्तात जातं, बांधलेल्या नळीतून नाही. वीर्याचा बहुतेक भाग नळीच्या पुढच्या ग्रंथींतून येतो, म्हणून दिसण्यातही फरक पडत नाही. दोन दिवस आराम, आठवडाभर जड उचलायचं नाही. फक्त नळीत आधीचे शुक्राणू असतात, म्हणून इथेही तीन महिने निरोध आणि मग वीर्याची तपासणी. ही तपासणी टाळली की "नसबंदी फेल" ऐकू येतं आणि बाईवर नको ते संशय घेतले जातात. रघुनाथराव कर्व्यांनी याच शहरात १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९६० च्या दशकात इथल्या रेल्वे स्टेशनांवर पुरुष नसबंदीची केंद्रं होती, लोकलमधून उतरून माणसं जायची. तेव्हा जमलं ते आज का जमू नये?

तांबीबद्दल राहिलेलं. वर लिहिलं की ती चढत नाही, ते खरंच. पण बसवतानाच भिंतीतून आरपार जाण्याचा प्रकार हजारात एखाद-दोघींना होतो, आणि अंगावर पाजणाऱ्यांमध्ये त्याच्या कित्येक पट. तेव्हा ती पोटात सापडते आणि दुर्बिणीने काढावी लागते. आधीपासून पाळीला फार जातं, फायब्रॉइडने पिशवीचा आकार बदललाय, खालून संसर्ग आहे, रक्त खूपच कमी आहे, तर तांबी आत्ता नको. गुप्तरोगांपासून ती वाचवत नाही, ते काम फक्त निरोधाचं.

सध्या बाळ फक्त अंगावर पितंय आणि पाळी आलेली नसेल तर सहा महिन्यांपर्यंत त्याचंही बऱ्यापैकी संरक्षण असतं, पण दिवसा-रात्री दोन्ही वेळा पाजत असाल तरच. वरचं पाणी किंवा पेज सुरू झाली की ते संपलं. म्हणून सहा महिने पूर्ण होण्याआधीच जा. पालिकेच्या दवाखान्यात तांबी, अंतरा, छाया, निरोध सगळं फुकट आहे. बसवायच्या आधी विचारा की तांबी ३८० ए प्रकारची आहे की ३७५, पहिली १० वर्षं चालते, दुसरी ५. हवी तेव्हा आधीही निघते, तीन वर्षांनी काढलीत तरी चालतं. आणि कार्ड हातात घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका: त्यावर प्रकार, बसवल्याची तारीख, काढायचं वर्ष आणि पहिल्या पाळीनंतर दाखवायला यायची तारीख. धागा किती सेंटीमीटर ठेवला तेही पेनने लिहून मागा.