मणक्याच्या दुखापतीनंतर कोलोनोस्कोपी: एका तरुण मित्रास पत्र

फोंडा, गोवा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. हातमोज्याच्या बोटाला वारंवार रक्त लागते, हिमोग्लोबिन उतरले आहे, डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठे आतडे आतून पाहण्याची तपासणी) करायला सांगितली आहे आणि घरातली मंडळी मात्र ‘मूळव्याधच असणार, एवढा खटाटोप कशाला’ असे म्हणत आहेत, असे तू लिहिले आहेस. घरच्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. मणक्याच्या इजेमुळे गुदद्वारात बोटाने उत्तेजन देऊन शौच करणाऱ्या आपल्यासारख्यांना मूळव्याध आणि फिशर (गुदद्वाराची चीर) सर्रास होतात आणि पुष्कळदा रक्त तिथूनच येते. पण आत आणखी काही नाही ना, हे बाहेरून पाहून कोणालाच सांगता येत नाही. शिवाय इतरांना पोटात दुखून जी सूचना मिळते, ती आपल्याला मिळत नाही. तेव्हा तपासणी करावी की करू नये, यावर मी शब्द खर्च करत नाही. ती कशी करवून घ्यावी, एवढेच लिहितो.

तुला एक छापील कागद मिळाला असेल. आदल्या दिवशी हलका आहार, संध्याकाळी पावडर पाण्यात मिसळून प्यायची, सकाळी उपाशीपोटी हजर व्हायचे, असे त्यावर लिहिलेले असते. ज्याचे आतडे नेहमीच्या गतीने चालते आणि कळ आली की जो उठून संडासात जाऊ शकतो, अशा माणसासाठी तो कागद तयार केलेला आहे. मज्जारज्जूला इजा झाल्यावर मोठ्या आतड्यातून मळ पुढे सरकायला नेहमीपेक्षा बराच अधिक वेळ लागतो, आणि उठून जाण्याचा प्रश्न तर आपल्याबाबतीत उद्भवतच नाही. त्या कागदाबरहुकूम तयारी केली तर आतडे अर्धवटच साफ होते, दुर्बिणीला भिंत दिसत नाही, आणि सगळा त्रास सोसून ‘पुन्हा या’ एवढेच ऐकून परतावे लागते. म्हणून तारीख घेण्याआधी डॉक्टरांशी स्वतंत्रपणे बोल आणि तयारीचे वेळापत्रक तुझ्यापुरते नव्याने लिहून माग. एका दिवसाऐवजी दोन-तीन दिवसांची तयारी, औषधाची विभागून मात्रा आणि शक्य असल्यास आदल्या दिवशीच रुग्णालयात दाखल होणे, या तीन गोष्टी आग्रहाने माग. तू सत्तरी तालुक्यात राहतोस. पोट वाहत असताना वाळपईहून बांबोळीच्या रुग्णालयापर्यंतचा तासाभराहून अधिकचा प्रवास गाडीत बसून करणे हा शुद्ध वेडेपणा आहे, हे डॉक्टरांना पटवायला फार वेळ लागणार नाही. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्यविमा योजनेचे कार्ड असेल तर ते लागू होते का, याची चौकशीही त्याच वेळी करून ठेव.

त्या आठवड्यात तुझा नेहमीचा शौचाचा नेम चुकवू नकोस. ‘नाहीतरी सगळे धुऊनच निघणार आहे’ या समजुतीने काही जण तो सोडून देतात. मग आत मळाचा खडा बसतो आणि त्यावर दोन-तीन लिटर औषध ओतले की पोट फुगते, उलट्या होतात आणि खड्याच्या कडेने नुसते पाणी झिरपत राहते. मळ साचल्याची जरा जरी शंका असली तर आधी तो काढून घ्यावा, मगच औषधाला हात लावावा. इसबगोल घेत असशील तर तो कधी थांबवायचा ते विचार. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद करतात, कारण त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो.

आहाराच्या बाबतीत आपल्या गोव्याच्या स्वयंपाकघरात थोडे सावध राहावे लागते, कारण जे एरवी पथ्याचे म्हणून दिले जाते ते नेमके इथे चालत नाही. उकड्या तांदळाच्या पेजेऐवजी पांढऱ्या तांदळाचा मऊ भात खा. पोई (कोंड्याचा पाव) नको, साधा पाव चालेल. तांबडी भाजी, नाचणी, फणस, पेरू आणि वाटलेल्या खोबऱ्याचे हुमण (आमटी) हे सगळे त्या दोन-तीन दिवसांत वर्ज्य समज. मासळीचा तुकडा मात्र कमी तेलावर भाजून खाल्लास तर हरकत नाही. शेवटच्या दिवशी फक्त निवळ द्रव घ्यायचे असतात. ते निवळ आहेत की नाहीत, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे: पेल्यामागे वर्तमानपत्र धरले असता अक्षरे वाचता आली पाहिजेत. आई प्रेमाने पेजेचे पाणी गाळून आणेल, पण ते या परीक्षेत नापास होते. शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबाचे सरबत, दुधाविना चहा हे चालते. सोलकढी आणि कोकमाचे सरबत मात्र अजिबात नको, कारण तो लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर शहाळ्याविषयीही विचार, त्यात पोटॅशियम बरेच असते.

औषध कोणते देणार, हे विचारायला संकोचू नकोस. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर आपल्यासाठी सामान्यतः अधिक सुरक्षित समजली जाते. फॉस्फेट असलेली औषधे मूत्रपिंडाला इजा करू शकतात, आणि वर्षानुवर्षे कॅथेटरवर (लघवी काढण्याच्या नळीवर) असलेल्यांची मूत्रपिंडे आधीच जपण्याजोगी असतात. पावडरीचे पाणी थंड करून, थोडे लिंबू पिळून, सावकाश पी. बसलेले असताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच आडवा हो. शरीरातील पाणी कमी झाले की आपले रक्तदाब आणखीच खाली येतात.

आता कातडीविषयी. या तपासणीत आपल्यापैकी अनेकांना खरा त्रास दुर्बिणीने होत नाही, तो कमोडच्या खुर्चीने होतो. औषध सुरू झाले की तासन्‌तास त्या कडक बैठकीवर बसून राहण्याचा मोह होतो, कारण पुन:पुन्हा चढउतार करण्यापेक्षा ते सोपे वाटते. ओली कातडी, तिच्याखाली टेकणारे हाड आणि कडक प्लास्टिक एकत्र आले की बेडसोर व्हायला एक रात्र पुरते, आणि तो भरायला महिने जातात. म्हणून बैठकीवर मऊ गादी बांध, दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार देऊन अंग उचल, आणि एका बैठकीत फार वेळ काढू नकोस. मधल्या काळात डाव्या कुशीवर, खाली अंडरपॅड घालून, गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवून पडून राहा. प्रत्येक वेळी कोमट पाण्याने पुसून, कोरडे करून झिंक ऑक्साइडचे मलम लावायला भावाला आधीच शिकवून ठेव. शेवटी बाहेर येणारे पाणी पिवळसर आणि पारदर्शक झाले का, हेही त्यालाच पाहावे लागेल. तू त्याच्याशी याविषयी कधी बोलला नाहीस, असे लिहिले आहेस. पणजीत २०२३ पासून पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरतो, तिथे रॅम्पविषयी आपण हक्काने बोलतो. मग सख्ख्या भावाशी शौचाविषयी बोलताना मान खाली का घालावी?

मूत्राशयाचे गणितही बदलते. एवढे द्रव पोटात गेल्यावर आणि पुढे सलाइन लागल्यावर, दिवसातून ठरावीक वेळा कॅथेटर घालण्याचा नेम पुरत नाही. एका वेळी ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त साठू द्यायचे नाही, हा दंडक त्या दिवसांतही पाळायचा असतो. तयारीच्या रात्रीपासून तपासणी संपेपर्यंत कॅथेटर आतच ठेवता येईल का, असे विचार. बहुधा तेच सोयीचे ठरते. नळी पिळवटलेली नाही ना, हे गुंगी देण्याआधी परिचारिकेला पाहायला सांग.

याचे कारण आता सविस्तर लिहितो, कारण या पत्रातील सर्वांत महत्त्वाची बाब हीच आहे. तुझी दुखापत टी-४ ची, म्हणजे छातीच्या भागातील चौथ्या मणक्याच्या पातळीची आहे (काही अहवालांत डी-४ लिहितात, ते तेच). टी-६ किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांना ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया होऊ शकतो. आतडे नीट दिसावे म्हणून दुर्बिणीतून हवा सोडून ते फुगवतात. त्या ताणाचा संदेश मज्जारज्जूतून वर जाऊ लागतो आणि इजेच्या जागी अडतो. पण खालच्या भागातील नसा त्याला आपल्या परीने उत्तर देऊन रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब झपाट्याने चढतो. मेंदूला तो चढलेला कळतो, तो हृदयाची गती कमी करतो, परंतु इजेखालच्या रक्तवाहिन्या सैल करण्याचा त्याचा हुकूम तिथवर पोहोचत नाही. डोके ठणकू लागते, चेहरा आणि मान लाल होऊन घाम फुटतो, नाक चोंदते, अंगावर काटा येतो. वेळीच आवरले नाही तर मेंदूत रक्तस्राव होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. भरलेले मूत्राशय, साचलेला मळ, इतकेच काय, गुदद्वाराशी झालेला नुसता स्पर्शसुद्धा याला निमित्त होतो.

दुर्बीण घालणारे डॉक्टर आतड्याच्या विद्येत निपुण असतात, पण मणक्याची इजा झालेला रुग्ण त्यांच्यापुढे क्वचितच येतो. म्हणून फाइलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेव: इजेची पातळी, डिसरिफ्लेक्सियाचा धोका आणि तुझा नेहमीचा रक्तदाब. हा शेवटचा आकडा फार मोलाचा आहे. आपल्यापैकी अनेकांचा वरचा आकडा ९० ते ११० च्या आसपास असतो. तो १३५ झाला तर मॉनिटरकडे पाहणाऱ्याला ते साधारणच वाटेल, पण नेहमीपेक्षा २० ते ४० ने वाढलेला आकडा आपल्यासाठी धोक्याची घंटा असतो. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी रक्तदाब मोजून त्याची नोंद बरोबर ने. दुर्बीण घालण्यापूर्वी काही मिनिटे लिग्नोकेनची (बधिर करणारी) जेली लावावी, साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरण्याची सोय असल्यास तो वापरावा (तो शरीरात लवकर शोषला जातो), आणि रक्तदाब दर काही मिनिटांनी मोजावा, अशी विनंती कर. दाब चढलाच तर दुर्बीण थांबवून आतली हवा काढून घ्यायची, डोके उंच आणि पाय खाली करायचे, कॅथेटर तपासायचा आणि तरीही न उतरल्यास औषध द्यायचे, हा क्रम त्यांना ठाऊक असला तरी तुझ्या तोंडून आधी ऐकलेला बरा.

त्या औषधांत नायट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारे औषध) असू शकते, म्हणून आणखी एक नाजूक गोष्ट लिहितो. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलची (लैंगिक ताठरतेसाठीची) गोळी गेल्या काही दिवसांत घेतली असेल तर ती कधी घेतली ते न लाजता सांग, कारण तिच्यावर नायट्रेट दिल्यास रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळतो. आई खोलीत असेल तर तिला चहा आणायला पाठव आणि सांग.

‘तुम्हाला कमरेखाली काही जाणवत नाही, मग गुंगी कशाला?’ असे कोणी म्हणेल. न जाणवणे आणि शरीराने प्रतिक्रिया न देणे या भिन्न गोष्टी आहेत. पाय आखडून झटके येतात, दाब चढतो. गुंगी द्यावी की नाही, किती द्यावी, हे भूलतज्ज्ञांशी आधी भेटून ठरव, कारण टी-४ च्या इजेत खोकण्याचे स्नायूही दुबळे असतात. स्नायूंचा आखडलेपणा कमी करणारे बॅक्लोफेन मात्र कोणाच्याही सांगण्यावरून अचानक बंद करू नकोस. त्याने ताप, भ्रम, फिट्सपर्यंत त्रास होऊ शकतो. तपासणीच्या सकाळी ते घोटभर पाण्याबरोबर कसे घ्यायचे ते विचारून ठेव, आणि तयारीचे औषध सुरू होण्याच्या तासाभरात कोणतीच गोळी घेऊ नकोस, ती तशीच वाहून जाते. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर त्याचा निर्णय सर्वस्वी डॉक्टरांचा.

तपासणीची खोली बर्फासारखी थंड असते आणि आपल्या अंगाला स्वतःची ऊब राखता येत नाही. पांघरूण घरून ने. ट्रॉलीवर घेताना काखेत हात घालून ओढू देऊ नकोस, सरकफळी किंवा चादर वापरायला सांग.

घरी आल्यावर दोन-तीन दिवस शौचास न होणे स्वाभाविक आहे, नेम हळूहळू पूर्ववत होतो. तपासणीसाठी आतड्याचा तुकडा काढला असेल तर बोटाने उत्तेजन पुन्हा कधी सुरू करायचे ते घरी निघण्याआधी विचार. आतड्याला छिद्र पडणे ही गोष्ट विरळ आहे, पण पडले तर इतरांसारखे पोटात दुखून ते आपल्याला कळणार नाही. खांद्याच्या टोकाशी दुखणे, ताप, वाढलेली नाडी, कडक फुगलेले पोट, एकाएकी वाढलेले झटके, पुन्हा ठणकणारे डोके, यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करायला भावाला सांगून ठेव.

तारीख ठरवताना चवथीचा (गणेश चतुर्थीचा) आठवडा टाळ. घर पाहुण्यांनी भरलेले असताना ही तयारी होत नाही. ठरली की मला कळव. कमोडवर बांधायची मऊ गादी माझ्याकडे पडून आहे, ती वाळपईच्या बसने पाठवून देतो.

तुझा हितचिंतक
काका