थंडीत पाडलेली छिद्रे का भरत नाहीत?

प्रश्न : सैन्यातून निवृत्त झाल्यावर पारोळा तालुक्यातील आमच्या मळ्यात मी दीडशे चौरस मीटरचे एक छोटे पटिंग ग्रीन, म्हणजे गोल्फचा चेंडू हलकेच खळीत ढकलण्यासाठीची बारीक कापलेली हिरवळ, तयार केले. छावणीतल्या गोल्फ मैदानावर हा खेळ शिकलो, तो गावातील मुलांना शिकवावा एवढीच इच्छा आहे. खाली खडीचा थर, त्यावर फूटभर वाळू आणि वर हरळी अशी रचना आहे. ‘उष्णता ओसरून हवा गार झाली की छिद्रे पाडावीत’ असे एका इंग्रजी पुस्तकात वाचून, मुळांना हवा-पाणी मिळावे म्हणून मी डिसेंबरच्या अखेरीस हिरवळीत छिद्रे पाडली आणि मळ्यातील काळी माती चाळून ती भरली. उरलेली माती वर पसरली. होळी आली तरी छिद्रे बुजली नाहीत आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी वरच थांबू लागले. कापून काढलेल्या तुकड्याचे छायाचित्र सोबत पाठवले आहे. चूक कोठे झाली?

उत्तर : चुका दोन झाल्या आहेत आणि दुसरी अधिक गंभीर आहे. पहिली ऋतूची. आपण वाचलेले पुस्तक स्कॉटलंड-इंग्लंडसारख्या थंड प्रदेशातील गवतांसाठी लिहिलेले असावे. ती गवते १५ ते २४ अंशांच्या हवेत जोमाने वाढतात, म्हणून त्यांच्यासाठी उन्हाळा सरल्यानंतरचा काळ योग्य ठरतो. आपली हरळी उलट स्वभावाची आहे. तिची खरी वाढ २७ ते ३५ अंशांत होते, रात्रीचे तापमान १५ अंशांखाली घसरू लागले की ती मंदावते आणि १० अंशांच्या आसपास जवळजवळ थांबते. जळगाव जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत केळीची वाढ जशी खुंटते, तशीच हरळीचीही खुंटते. छिद्र पाडणे म्हणजे गवताला जखम करणे आहे, आणि ज्या काळात ते वाढतच नाही त्या काळात केलेली जखम भरून येणार तरी कशी? खानदेशात यासाठी दोन वेळा योग्य आहेत : विहिरीला पाणी असेल तर आखाजीनंतर मृग लागेपर्यंतची, आणि पोळा झाल्यावर पावसाची उघडीप मिळताच ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतची. दोन्ही वेळा वाफसा आल्याखेरीज ग्रीनवर पाय ठेवू नये.

दुसरी चूक मातीची. छायाचित्रात फूटपट्टीशेजारी ठेवलेला तुकडा मी बराच वेळ पाहिला. वरचे दोन सेंटिमीटर वाळू, त्याखाली बोटाच्या पेराएवढाही नसलेला काळा चिकट थर, आणि खाली पुन्हा स्वच्छ वाळू. पांढरी मुळे त्या काळ्या थरापर्यंत सरळ उतरली आहेत आणि तेथे वळून आडवी पसरली आहेत. खालच्या वाळूत जेमतेम चार-दोन मुळे दिसतात. आपली काळी जमीन कपाशीला सोन्यासारखी आहे, कारण ती पाणी धरून ठेवते. पण ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. वाळूच्या मधोमध तिचा पातळ थर आला तरी पाणी आणि हवा दोन्हींची वाट अडते. ग्रीनवर पसरायची वाळू खालच्या वाळूसारखीच असावी, हा नियम म्हणूनच मोडता येत नाही. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ मैदानाची निगा राखणारे ओल्ड टॉम मॉरिस (१८२१–१९०८) ग्रीनवर वाळू पसरण्याच्या पद्धतीसाठी आजही ओळखले जातात, आणि ते ज्या मैदानावर काम करीत होते त्याची जमीन मुळात समुद्रकाठच्या वाळूचीच होती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

उपाय असा. १२ मिलिमीटर जाडीच्या पोकळ नळ्यांनी, पाच-पाच सेंटिमीटर अंतरावर, दहा सेंटिमीटर खोल छिद्रे पाडावीत, बाहेर आलेल्या मातीच्या कांड्या झाडून पूर्णपणे उचलाव्यात आणि कोरडी वाळू खराट्याने छिद्रांत ढकलावी. आपल्या ग्रीनला एका वेळी सुमारे पावणेसातशे लिटर वाळू लागेल आणि त्यातून पृष्ठभागाचा साडेचार टक्के भाग बदलला जाईल, म्हणून हे काम वर्षातून दोनदा, काही वर्षे सातत्याने करावे लागेल. वाळू अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावी आणि तिचे कण पाव ते एक मिलिमीटरचे असावेत. पाण्याच्या बाटलीत मूठभर वाळू घालून हलवावी. पाणी गढूळच राहिले तर ती वाळू घेऊ नये. पहिल्या वर्षानंतरही झडीत पाणी साचत राहिले, तर मात्र वरचे चार सेंटिमीटर खरवडून काढून जून महिन्यात हरळीच्या काड्या नव्याने लावाव्यात. क्षेत्र लहान असल्याने हा मार्ग आपल्याला परवडेल, आणि माझे मत विचाराल तर तो अधिक खात्रीचा आहे.

कापणीबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. साध्या हरळीला मोठ्या मैदानांवरील संकरित जातींप्रमाणे तीन मिलिमीटरवर कापू नये. सहा ते आठ मिलिमीटर पुरे. पाते कागदाची पट्टी स्वच्छ कापत नसेल, तर ते गवत कापत नाही, फाडते. वाढीच्या काळात महिन्याला दर चौरस मीटरला दहा ग्रॅम अमोनियम सल्फेट देऊन लगेच पाणी द्यावे. झडीत आणि थंडीत ते देऊ नये. हिवाळ्यात हरळी तपकिरी पडली तर ती मेलेली नसते, पाणी वाढवून ती हिरवी होत नाही.

प्रश्न : शहादा तालुक्यातील आमच्या शाळेच्या मैदानावरील हिरवळ भाद्रपदात ठिकठिकाणी सुकते आणि हाताने धरली की सतरंजीसारखी उचलली जाते. पाणी कमी पडत असेल का?

उत्तर : पाण्याचा दोष नाही, ही हुमणी आहे. उचललेल्या हिरवळीखाली इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या दिसतील, आणि साळुंक्या-कावळे त्याच जागा उकरताना दिसतील. मुळेच खाल्ली गेल्याने गवताला धरून ठेवणारे काही उरत नाही. या अळीचे भुंगेरे जूनमधील पहिल्या दमदार पावसानंतर जमिनीतून बाहेर पडतात आणि तिन्हीसांजेला कडुनिंब-बाभळीवर जमतात. तेव्हा फांद्या हलवून ते गोळा करावेत आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. एक मादी मारली की पुढच्या अनेक अळ्या टळतात. शेजारच्या शेतकऱ्यांनाही सोबत घ्यावे, कारण भुंगेरा कुंपण ओळखत नाही. मैदानावर कच्चे शेणखत टाकणे बंद करावे आणि जुलैत अळ्या लहान असतानाच मेटारायझियम ही मित्रबुरशी ओलसर जमिनीत द्यावी. सध्या सुटलेली हिरवळ उचलून, अळ्या वेचून, ती पुन्हा दाबून बसवावी आणि रोज सकाळी हलके पाणी द्यावे. थंडी पडण्यापूर्वी ती मूळ धरेल.