मिशन ट्रिपचा शेवटचा दिवस आणि आपलं ‘येते’

तुम्ही विचारलंय, “आमच्या मंडळीतले आठ तरुण केनियात मिशन ट्रिपला चालले आहेत, शेवटचा दिवस कसा ठेवावा?”

मी नाशिकची, शरणपूर रोडची. आयुष्यभर नर्स होते. निवृत्त झाल्यावर मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, गटाबरोबर मोंबासाजवळच्या रबाईला बारा दिवस आरोग्य तपासणीसाठी गेले होते. त्यातला शेवटचा दिवस अजून मनातून जात नाही.

त्या दिवशी आम्ही सकाळीही तपासणी ठेवली. तेवढीच आणखी सेवा होईल, असं वाटलं. रांग लागली. एका आजींचं बीपी २१०/११० निघालं. अशा माणसाला गोळी दिली, तरी आठवड्याने पुन्हा बघावं लागतं, मात्रा बदलावी लागते. आम्ही संध्याकाळी निघणार होतो. रजिस्टर तिथल्या नर्सताईंच्या हाती दिलं ते निघण्याच्या तासभर आधी, आणि त्यातल्या निम्म्या खुणा आमच्या आम्हालाच कळणाऱ्या. याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून कळकळीने सांगते, नवे पेशंट दोन दिवस आधी थांबवा. शेवटचा दिवस फक्त वही सोपवायला ठेवा. तिथल्या माणसाशेजारी बसून एकेक नाव वाचा, कोणाला कधी बोलवायचं ते त्यांच्याच हाताने लिहू द्या. तुम्ही शाळेत शिकवा की विहीर बांधा, हे सगळ्या कामांना लागू आहे.

दुपारी निरोपाची उपासना झाली. आम्ही एक मराठी भजन म्हटलं, त्यांनी स्वाहिलीत गाणी म्हटली. मग मंडळीतले एक वृद्ध उठून म्हणाले, “नाशिकहून आलेले तुम्ही पहिले नाही.” मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण ते खरंच होतं. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून इंग्रज आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवली जायची. त्यातली कितीतरी आमच्या शरणपूरला वाढली, तिथे सुतारकाम, लोहारकाम शिकली. १८६४ मध्ये त्यांच्यातलेच विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर रबाईला सेवेसाठी गेले. आफ्रिकेत शोधमोहिमा केलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शवपेटीबरोबर लंडनपर्यंत गेलेला जेकब वेनराइटही शरणपूरचाच. मी लहानपणापासून त्या रस्त्याने ये-जा करते, पण ‘शरणपूर’ या नावात कोणाला शरण मिळाली होती, हे मला रबाईत कळलं. आपण काही द्यायला आलोय, हा जो भाव बारा दिवस मनात होता, तो तिथेच गळाला. मुलांना हा इतिहास जाण्याआधीच सांगा, आमच्यासारखा शेवटच्या दुपारी कळायला नको.

परतताना वाट वाकडी करून न्याली पुलापलीकडे फ्रीअर टाउनची घंटा पाहिली. १८७५ च्या सुमारास सुटलेल्या गुलामांसाठी वसवलेली ही वस्ती, आणि शरणपूरची कितीतरी माणसं तिथे राहायला गेली. गुलाम पकडणारे येताहेत असं दिसलं की ही घंटा वाजवायचे. त्या चौकाला आजही केंगेलेनी म्हणतात, केंगेले म्हणजे घंटा. दहाच मिनिटं थांबलो, पण तेवढी ठेवाच.

तब्येतीचं थोडक्यात. मलेरियाच्या गोळ्या शेवटच्या दिवशी बंद करायच्या नाहीत. डॉक्सीसायक्लिन असेल तर परतल्यावरही ४ आठवडे चालू ठेवायची. पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा. ते नसेल तर भारतात उतरल्यावर वेगळं ठेवून घेऊ शकतात. उरलेली औषधं सरसकट वाटू नका, मुदत बघून नर्सकडेच द्या.

आता मुख्य गोष्ट. आपण निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. गाडीत बसताना त्या बीपीवाल्या आजींचा हात धरून मीही सवयीने म्हटलं, “येते हं, मामा.” तिकडे आईच्या वयाच्या बाईला मामा म्हणतात. त्यांनी दुभाष्या मुलाकडे पाहिलं. त्याने माझ्याकडून अर्थ विचारून घेतला आणि जसाच्या तसा सांगितला, “ही परत येणार आहे.” आजींचा चेहरा उजळला. त्यांनी लगेच विचारलं, “लिनी?” म्हणजे कधी.

गाडी सुरू होती, सगळे हात हलवत होते. ‘लवकरच’ म्हणणं फार सोपं होतं. आमच्या गटातल्या दोघांनी तिथल्या मुलांना तसं सांगितलंही होतं, आणि आज दोन वर्षं झाली, कोणी गेलेलं नाही. मी खाली उतरले. बारा दिवसांत शिकलेल्या मोजक्या शब्दांतला एक म्हटला, “सिजुई.” माहीत नाही. त्यांनी मान हलवली, माझा हात काही सोडला नाही. मग मी नर्सताईंना बोलावलं आणि आजींचा हात त्यांच्या हातात दिला.