जेवणाचे पैसे वेगळे, देणगी वेगळी

प्रश्न : नाशिकमधल्या सीए, आर्किटेक्ट आणि वकिलांच्या आमच्या संघटना मिळून गंगापूर रोडला स्नेहसंध्या घेत आहेत. माणशी १५०० रुपये घेऊन उरेल ती रक्कम सुरगाणा तालुक्यातल्या मुलींच्या वसतिगृहाला द्यायची आहे. सगळ्या रकमेची ८०जी पावती (देणगीवर आयकरात वजावट मिळवून देणारी) मिळेल का? लकी ड्रॉ ठेवावा का? आणि लोक आपापल्याच घोळक्यात उभे राहतात, त्याचं काय करावं?

उत्तर : सगळ्या रकमेची मिळणार नाही. ज्याच्या बदल्यात जेवण मिळालं, ती देणगी नव्हे. ताट ७०० चं आणि हॉल, माईक मिळून माणशी २०० पडत असतील, तर ९०० प्रवेशशुल्क ठेवा आणि देणगी पूर्ण ऐच्छिक. टेबलावर दोन वेगळे क्यूआर लावा. शुल्क संघटनेच्या खात्यात, देणगी थेट वसतिगृह चालवणाऱ्या ट्रस्टच्या खात्यात. पैसे संघटनेच्या खात्यातून फिरून गेले, तर ट्रस्टची पावती संघटनेच्या नावाने निघते आणि खऱ्या देणगीदाराच्या हाती काहीच लागत नाही. बहुतेक तक्रारींचं मूळ इथंच असतं.

ट्रस्टच्या ८०जी मंजुरीची मुदत आधी तपासा. रोखीने २००० रुपयांपेक्षा जास्त दिलेल्या देणगीवर वजावट नाही. चादरी, वह्या अशा वस्तूंवरही नाही. नव्या करप्रणालीतल्या व्यक्तींना ती मुळातच मिळत नाही, हे निमंत्रणातच छापा. पॅन लिहून घेताना चौथं अक्षर बघा. व्यक्तीचं असेल तर पी, फर्मचं असेल तर एफ. वकील, सीए मंडळी घाईत फर्मचा पॅन सांगतात आणि पैसे स्वतःच्या खात्यातून देतात. मग प्रमाणपत्र भलत्याच नावाने येतं.

तिकिटं विकून सोडत काढली की ती खासगी लॉटरी ठरते, तेव्हा लकी ड्रॉ नकोच. वारली चित्रांचा लिलाव करा. नाशिक आहे म्हणून वाइनच्या बाटल्या लिलावात ठेवायचा मोह होईल, पण विनापरवाना मद्यविक्री गुन्हा आहे. नुसती पाजायची असली तरी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एका दिवसाचा परवाना लागतो.

घोळके मोडायला आठ-आठ जणांची गोल टेबलं लावा आणि एका पेशाचे तिघांपेक्षा जास्त एकत्र बसवू नका. बॅजवर पदाऐवजी काम लिहा : ‘जुने वाडे दुरुस्ती’, ‘जीएसटी अपील’. त्यावरून अनोळखी माणूसही बोलायला सुरुवात करतो. वसतिगृहाच्या ताईंना जेवणाआधी पाच-सात मिनिटं बोलू द्या, आणि क्यूआर त्याच वेळी टेबलांवर फिरवा. जेवण झाल्यावर निम्मे लोक पार्किंगकडे निघालेले असतात.