डापाग्लिफ्लोझिन सुरू केल्यावर वडिलांचं क्रिएटिनिन 1.9 वरून 2.1 झालं. गोळी बंद करावी का? किडनीवर खरंच काही नवीन उपचार आलेत, की शेवटी डायलिसिसच?

आपल्या मनाने गोळी बंद करू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून बाबांचं वय 62, शुगर 12 वर्षांपासून, बीपीसाठी टेल्मिसार्टन आधीचंच, महिन्यापूर्वी डापाग्लिफ्लोझिन 10 या शुगरच्या गोळीची भर, आणि आता घरचे म्हणताहेत की या नव्या गोळीनेच किडनी बिघडली. ती थांबवा आणि आतेभावाने आणलेली पुडी सुरू करा, असा त्यांचा आग्रह. पुडीबद्दल पुढे लिहिते. आधी गोळी.

मी नागपुरात मानेवाडा रोडला फिजिशियन आहे, नेफ्रॉलॉजिस्ट म्हणजे किडनीतज्ज्ञ नाही. पण शुगर-बीपीचे पेशंट आधी आमच्याकडेच येतात, त्यामुळे हे वाक्य सतत कानावर पडतं: "काहून जी मॅडम, गोळी सुरू केली अन् किडनी आणखीनच गेली?" गेलेली नसते. पण असं का दिसतं हे कुणीतरी बसून सांगायला हवं, आणि ओपीडीच्या गर्दीत ते राहून जातं.

क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा आणि किडनीने बाहेर टाकायचा कचरा. त्याचा नुसता आकडा पाहू नका, त्यातून काढलेला ईजीएफआर पाहा. किडनी मिनिटाला किती रक्त गाळते याचा तो अंदाज असतो. 1.2 क्रिएटिनिन असलेल्या 25 वर्षांच्या मुलाचा ईजीएफआर 86 च्या आसपास येतो, तेच 1.2 एखाद्या 65 वर्षांच्या बाईंचं असेल तर 50. रिपोर्ट दोघांचाही जवळपास "नॉर्मल" छापून येतो. ईजीएफआर काढण्याच्या 2021 च्या सूत्राने तुमच्या बाबांचा हिशोब केला तर 1.9 ला साधारण 39 आणि 2.1 ला 35. म्हणजे घट दहा-अकरा टक्क्यांची. ही गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर थोडा खाली येतो हे अपेक्षितच असतं. घट 30 टक्क्यांच्या आत असेल तर गोळी चालू ठेवायची, अशीच किडनीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांची भूमिका आहे.

याचं कारण असं. शुगर वर्षानुवर्षं वाढलेली असली की किडनीतल्या गाळण्यांवर रक्ताचा दाब जास्त राहतो. टाकीचं पाणी फार जोरात आलं की घरातल्या फिल्टरची जाळी लवकर फाटते, तसंच हे. ही गोळी लघवीतून साखर आणि मीठ बाहेर सोडते. किडनीच्या नलिकेत पुढे मीठ जास्त पोचलं की गाळणीकडे रक्त आणणारी बारीक रक्तवाहिनी थोडी आवळते आणि आतला दाब उतरतो. दाब उतरला म्हणून गाळणं थोडं कमी, म्हणून क्रिएटिनिन थोडं वर. पण गाळणी वाचते. पुढच्या दोन-तीन वर्षांचा आलेख काढला तर गोळी घेणाऱ्यांचा ईजीएफआर हळू घसरतो आणि न घेणाऱ्यांचा भरभर.

आता "खरंच काही नवीन आलंय का" हा भाग. आलंय, आणि हे मी उगाच उत्साहाने सांगत नाही. 2001 मध्ये लोसार्टन आणि इर्बेसार्टन या बीपीच्या गोळ्यांच्या चाचण्यांनी दाखवलं की शुगरच्या किडनीरोगात ही औषधं घसरण मंदावतात. त्यानंतर तब्बल 18 वर्षं आमच्या हातात सांगण्यासारखं नवं औषध नव्हतं. "मीठ कमी करा, शुगर-बीपी सांभाळा, पुढे बघू" एवढंच. 2019 मध्ये डापाग्लिफ्लोझिनच्याच कुळातल्या कॅनाग्लिफ्लोझिनची चाचणी आली. 2020 मध्ये डापाग्लिफ्लोझिनची, 4304 रुग्णांवर. किडनी निम्म्याहून अधिक घसरणं, पूर्ण निकामी होणं, किंवा किडनी वा हृदयाच्या कारणाने मृत्यू, या सगळ्यांची मिळून जोखीम 39 टक्क्यांनी घटली. त्यातल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना शुगर नव्हतीच. मग एम्पाग्लिफ्लोझिनची, 6609 रुग्णांवर, 28 टक्के. शुगरची म्हणून जन्मलेली ही औषधं आता किडनीचीही झाली आहेत. गंमत म्हणजे या कुळाचा मूळपुरुष, फ्लोरिझिन, 1835 मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून काढला होता.

आणि आपल्याकडे याहून मोठी बातमी किमतीची आहे. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट 2020 मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च 2025 मध्ये. जी गोळी 60 रुपयांच्या आसपास पडायची तिची जेनेरिक 10-15 रुपयांत, काही तर त्याहून स्वस्तात आली. बालाघाट-छिंदवाड्याहून सकाळच्या बसने येणाऱ्या माणसाला हे औषध महिनोन्महिने परवडू शकतं, हे मला कुठल्याही परदेशी शोधापेक्षा मोठं वाटतं.

पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट मला दिसलीच नाही: लघवीची एसीआर तपासणी, म्हणजे अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) आणि क्रिएटिनिनचं प्रमाण. रक्ताचे चार रिपोर्ट तुम्ही टाकलेत, लघवीचा एकही नाही. साध्या "युरिन रुटीन"मध्ये प्रोटीन निल आलं म्हणजे सगळं ठीक, असं नसतं. अल्ब्युमिनची सुरुवातीची थोडी गळती त्या तपासणीच्या पट्टीवर उमटत नाही. एसीआर 30 च्या खाली असावा. 30 ते 300 म्हणजे गळती सुरू, 300 च्या वर म्हणजे गंभीर. क्रिएटिनिन रिपोर्टमध्ये उठून दिसेपर्यंत किडनीची जवळपास निम्मी ताकद संपलेली असू शकते. अल्ब्युमिन त्याच्या कितीतरी वर्षं आधी दिसतं. काहीशे रुपयांची तपासणी, सकाळची पहिली लघवी, बस. ताप किंवा लघवीचा जंतुसंसर्ग असताना मात्र करू नका, आकडा खोटा वाढतो. माझं स्पष्ट मत आहे की शुगरच्या प्रत्येक पेशंटची ही तपासणी वर्षातून एकदा व्हायलाच हवी आणि आपल्याकडे ती होत नाही. फॅन्सी "फुल बॉडी पॅकेज" मात्र जोरात खपतं. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण इतके आहेत, त्यांच्यात तर क्रिएटिनिन फसवं कमी असतं. तिथेही लघवीतलं अल्ब्युमिनच आधी बोलतं.

ईजीएफआर आणि एसीआर हे दोन आकडे, वय आणि स्त्री की पुरुष, एवढ्यावर पुढच्या 2 आणि 5 वर्षांत किडनी निकामी होण्याची शक्यता किती हे काढणारं सूत्रही आता वापरात आहे. तुमच्या "शेवटी डायलिसिसच का" या प्रश्नाचं उत्तर माझ्या अंदाजापेक्षा ते सूत्र चांगलं देईल. एकाच ईजीएफआरच्या दोन माणसांत ज्याचा एसीआर 20 त्याचं आणि ज्याचा 1500 त्याचं भविष्य अगदी वेगळं असतं.

जाता जाता: तपासणीच्या आदल्या रात्री सावजी मटण नको. शिजवलेल्या मांसातलं क्रिएटिनिन रक्तात उतरतं आणि आकडा काही तासांपुरता वर जातो. तर्रीवर बंदी नाही, फक्त मटण खाल्लं असेल तर तपासणी आणखी एक दिवस पुढे ढकला. (मिठाचं गणित वेगळं, तिथे सावजीला माझ्याकडून माफी नाही.) स्नायू फार कमी किंवा फार जास्त असतील तर सिस्टॅटिन सी नावाची रक्तचाचणी जास्त खरं सांगते.

आणखी काय आलंय ते थोडक्यात. फिनेरेनोन: शुगर असून लघवीत अल्ब्युमिन जात असेल तर उपयोगी, 2020 च्या चाचणीत किडनीची जोखीम 18 टक्क्यांनी कमी, पण पोटॅशियम वाढवू शकतं, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. 2025 मध्ये फिनेरेनोन आणि एम्पाग्लिफ्लोझिन एकदमच सुरू करून पाहिलं, तेव्हा सहा महिन्यांत अल्ब्युमिन जवळपास निम्म्यावर आलं. आठवड्याला एक सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन: 2024 च्या चाचणीत शुगरच्या किडनीरुग्णांत 24 टक्के फायदा; भारतातलं त्याचं पेटंट मार्च 2026 पर्यंतचं होतं, तोवर ते महागच होतं. किडनीच्या आजारात रक्त कमी होतं त्यासाठी डेसिडुस्टॅट ही गोळी 2022 पासून आपल्याकडे मिळते. ती भारतीय कंपनीनेच शोधलेली आहे. ज्यांना इंजेक्शनं परवडत नाहीत किंवा झेपत नाहीत त्यांच्यासाठी पर्याय झाला. शुगरशिवायच्या काही आजारांत निदानही बदललंय. मेम्ब्रेनस नावाच्या किडनीरोगात 2009 मध्ये एक अँटिबॉडी सापडली, आता कित्येकदा ती रक्तात दिसली की सुई टोचून किडनीचा तुकडा काढण्याची गरज राहत नाही.

डुकराच्या किडनीचे व्हिडिओ तुम्हालाही आले असतील. मार्च 2024 मध्ये बोस्टनला जिवंत माणसात पहिल्यांदा बसवली, तो रुग्ण दोनेक महिन्यांनी गेला. पुढच्या एकाची किडनी 271 दिवस चालून काढावी लागली. शास्त्र म्हणून थक्क करणारं, पण तुमच्या बाबांच्या बाबतीत आज त्यावर विचार करण्याची गरज नाही. डायलिसिसची वेळ आलीच तर ते महात्मा फुले योजनेत बसतं, आणि मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी विदर्भाची प्रतीक्षायादी नागपूरचं झेडटीसीसी (अवयववाटपाचं विभागीय केंद्र) सांभाळतं. पण 35 ईजीएफआरवर ती वेळ लांब आहे, आणि ती आणखी लांबवणं हेच आत्ताचं काम.

आता पुडी. आयुर्वेदावर माझा राग नाही, पण पुडीत काय आहे हे लिहिलेलं नसेल तर ती घरात ठेवूच नका. पारा आणि शिसं ही किडनीची उघड शत्रू आहेत. केरळमध्ये कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी 2021 ते 2023 मध्ये मेम्ब्रेनसचे 22 रुग्ण तपासले. त्यातल्या 15 जणांत एक खास प्रकार निघाला आणि त्या 15 पैकी 13 जण गोरं करणारं क्रीम लावत होते. क्रीममध्ये पारा. आपल्या अकोल्यातही एका घरातल्या मायलेकींच्या किडन्यांवर अशाच क्रीमने परिणाम झाल्याची बातमी आली होती. नुसतं कातडीला लावून हे होतं, मग पोटात घेतलेल्या पुडीचं काय? गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅकसारखी गोळीही तितकीच वाईट, आणि ती बाबा घेताहेत का हे त्यांना नीट विचारा. बरेच जण तिला औषधात मोजतच नाहीत.

डॉक्टरांकडे पुन्हा जाल तेव्हा एसीआर आणि पोटॅशियम करून घ्या. मेटफॉर्मिन चालू असेल तर डोस विचारा: ईजीएफआर 45 च्या खाली गेला की तो कमी करतात आणि 30 च्या खाली बंद. डापाग्लिफ्लोझिनने लघवीच्या जागी खाज किंवा बुरशी होऊ शकते. बाबा लाजून सांगणार नाहीत, तुम्हीच विचारा. स्वच्छ पाण्याने धुऊन जागा कोरडी ठेवली तर बहुतेकांना त्रास होत नाही. निर्जळी उपास टाळावा, आणि ऑपरेशन ठरलं तर तीन दिवस आधी ही गोळी थांबवतात, तेव्हा सर्जनला आठवणीने सांगा.

आणि आपला मे महिना. पारा 45 च्या वर असताना उलट्या-जुलाब लागले, खाणं-पिणं बंद झालं, तर डापाग्लिफ्लोझिन, टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी असेल तर तीही, डॉक्टरांना फोन करून दोन-तीन दिवस थांबवायची असते आणि नीट जेवायला लागल्यावर पुन्हा सुरू करायची. या तिन्हींचं वेळापत्रक डॉक्टरांकडून आत्ताच कागदावर लिहून घ्या, कारण उन्हाळ्यात रात्री अकराला फोन लागेलच असं नाही. तुमचा दुसरा रिपोर्ट एप्रिलच्या शेवटचा दिसतोय; त्या दिवसांत बाबा उन्हात फिरले होते का, पाणी कमी पडलं होतं का, हेही डॉक्टरांना सांगा. 2.1 मध्ये थोडा वाटा त्याचाही असू शकतो. एसीआर आला की इथेच खाली लिहा, बघू.