वाचन सुटलं, ब्लॉग थांबला; आता सुरुवात कुठून?

प्रश्न : मी ४२ वर्षांची आहे. नोकरी सांभाळून बरीच वर्षं पुस्तकांवर ब्लॉग लिहीत होते. दर रविवारी एक परीक्षण, खाडा नाही. गेल्या वर्षी ऑफिसात दोघांचं काम एकटीवर आलं, तरी ब्लॉग रेटत राहिले. मग एका रविवारी लिहायला बसले आणि एक ओळ सुचेना. तेव्हापासून ब्लॉग बंद आहे आणि त्याहून वाईट म्हणजे वाचनही बंद आहे. पुस्तक उघडलं की डोक्यात परीक्षणाची वाक्यं सुरू होतात, आणि पानाच्या तळाशी पोहोचते तेव्हा काय वाचलं तेच आठवत नाही. प्रकाशकांनी पाठवलेली पुस्तकं टेबलावर तशीच पडून आहेत. आता कामाचा ताण ओसरलाय, परतावंसं वाटतं. आधी वाचायला लागू की लिहायला? आणि इतक्या दिवसांनी ब्लॉगच्या वाचकांना काय सांगू?

उत्तर : आधी वाचायला लागा. आणि काही काळ नुसतं वाचाच.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं: पुस्तक उघडलं की परीक्षणाची वाक्यं सुरू होतात. ही अवस्था मला चांगली ओळखीची आहे. मीही वर्षानुवर्षं हातात पेन्सिल घेऊन वाचत आले. पहिला परिच्छेद संपायच्या आत 'लेखिकेची शैली प्रवाही आहे, पण' असलं काहीतरी मनात उमटायचं, आणि पुढचं पान मी त्या 'पण'च्या शोधात वाचायची. असं वाचलं की गोष्ट बाजूला राहते आणि पुरावे गोळा होतात. तुम्ही पुस्तकांना कंटाळलेल्या नाही. प्रत्येक पुस्तकाबद्दल काहीतरी बोललंच पाहिजे, या सक्तीनं तुम्हाला दमवलंय. वाचन आणि लिखाण यांची ही गाठ सोडवणं हेच आता खरं काम आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या केली. तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही. नोकरीतल्या दीर्घकाळच्या, आवरता न आलेल्या ताणातून येणारी ती अवस्था आहे आणि तिची तीन लक्षणं दिली आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन उडणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. व्याख्या नोकरीपुरतीच आहे, तेव्हा छंदाचा थकवा तिच्यात बसत नाही, असं कोणी म्हणेल. पण मला इथे हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर आठवतात. या मानसशास्त्रज्ञानं १९७४ मध्ये या थकव्यावर लेख लिहिला तो न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यातले लोक पाहून. तिथे बरेचसे स्वयंसेवक होते, ते स्वतःही होते. दिवसा आपला व्यवसाय करायचा आणि रात्री तिथे जायचं, असा त्यांचा क्रम. आवडीनं, स्वखुशीनं केलेलं कामही माणसाला रिकामं करतं, हे तेव्हापासून ठाऊक आहे. तुमच्या ब्लॉगला पगार सोडून नोकरीचं सगळं होतं: ठरलेला वार, वाट पाहणारी माणसं, आणि रजा नाही.

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या. पुस्तकंच नाहीत तर दुसरं काहीही आवडेनासं झालंय का? झोप-भूक बिघडली आहे का, मन सतत उदास आहे का? हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल, तर माझ्या सल्ल्यावर थांबू नका, डॉक्टरांना भेटा. ताण ओसरला की नैराश्यही ओसरतं असं नसतं. दुसरं म्हणजे डोळे तपासा. हे मी हसण्यावारी नेत नाहीये. चाळिशीनंतर जवळचं पाहण्याची डोळ्यांची ताकद कमी होते आणि बारीक टाइप वाचताना डोकं जड होतं. 'माझं वाचनच गेलं' म्हणणाऱ्या काहींना नुसत्या चष्म्यानं बराच आराम पडतो.

आता पुस्तक कोणतं घ्यायचं? टेबलावरच्या ढिगातलं एकही नको. पूर्वी मनापासून आवडलेलं, आणि ज्याच्यावर तुम्ही कधीच लिहिणार नाही असं घ्या. शेवट माहीत असतो, पात्रं ओळखीची असतात, त्यामुळे मध्येच लक्ष उडालं तरी काही हरवत नाही. लक्ष उडेल हे धरूनच चाला. मन दुसरीकडे गेलं तरी डोळे ओळींवरून पुढे सरकत राहतात, हे वाचनाचा अभ्यास करणाऱ्यांनी पुष्कळ तपासलंय. चांगल्या वाचकाचेही डोळे मधूनमधून मागे जातातच, साधारण दहा-पंधरा टक्के वेळा. तेव्हा परत वर जाऊन वाचावं लागलं तर त्याचा धसका घेऊ नका.

कादंबरी झेपत नसेल तर मी पक्ष्यांच्या ओळखपुस्तकासारखं काहीतरी सुचवेन. मला स्वतःला त्यानं हात दिला. एका पानावर एक पक्षी: चोच कशी, पायांचा रंग कोणता, घरटं कुठे बांधतो, मादी नरापेक्षा फिकी का दिसते. सात-आठ ओळींत विषय संपतो. त्यावर मत बनवायची गरज नसते, कोणी विचारणारही नसतं. रोज असं एक पान वाचता वाचता मला जाणवलं की मी 'फिकट तपकिरी छटा, पोटाकडे पांढरट' हे शब्द पुरते वाचतेय, डोळ्यांपुढे पाहतेय. त्यानंतरच कथांकडे वळले. कविता मोठ्यानं वाचणंही चांगलं, कारण आवाजाला ओळी गाळता येत नाहीत.

पेन्सिल, वही, उतारे टिपायला फोन, यातलं काही जवळ ठेवू नका. जिथे बसून परीक्षणं लिहिलीत ती जागाही बदला. वर्षात इतकी पुस्तकं वाचायची, असा आकडा एखाद्या अॅपवर लावला असेल तर काढून टाका. पुस्तक अर्धवट सोडायची मुभा स्वतःला द्या.

ढिगाबद्दल मात्र मी जरा कडक आहे. फुकट आलेलं पुस्तक हे कर्ज नाही, पण तुम्ही कोणाला 'लिहीन' असं कळवलं असेल तर तो शब्द आहे, आणि तो अधांतरी ठेवू नये. या आठवड्यात सगळ्यांना एकच पत्र पाठवा: 'सध्या परीक्षणं लिहिणं थांबवलं आहे. आपलं पुस्तक परत हवं असल्यास कळवावं, नाहीतर ते आवडीनं वाचणाऱ्याकडे पोहोचवते.' कारणं देत बसू नका. मासिकाच्या टेबलावर बसून मी सांगते, स्पष्ट नकार आला की बरं वाटतं, पुढची व्यवस्था करता येते. त्रास होतो तो काहीच न कळण्याचा. पत्र गेलं की ढीग नजरेआड ठेवा. तो समोर असेपर्यंत तुम्ही मोकळेपणानं वाचू शकणार नाही.

लिहायची वेळ कधी येईल? एखादा परिच्छेद कोणाला तरी वाचून दाखवावासा वाटेल तेव्हा. तेवढ्यावरच लिहा: तो परिच्छेद, तो तुम्हाला का धरून ठेवतो, बस. कथानकाचा सारांश नको, तारे नकोत, 'संग्राह्य पुस्तक' नको. दीडशे शब्दांत मजकूर संपला तर संपू द्या. असे तीन-चार मजकूर हाताशी जमले की मगच पहिला प्रसिद्ध करा, आणि पुढचा कधी येणार हे कुठेही जाहीर करू नका. रविवार तर नकोच.

'इतके दिवस कुठे होते' यावर वेगळा लेख लिहू नका. तो लिहिताना तुम्ही पुन्हा थकव्यातच जाऊन बसाल, आणि त्याखाली येणाऱ्या सहानुभूतीला उत्तरं देणं हेही एक काम होईल. वाचकांना तुमच्याकडून पुस्तकाबद्दल ऐकायचंय, ते ऐकवा. ब्लॉगवर नवं लिखाण वर आणि जुनं खाली असतं, शेजारी तारीख असते, म्हणून पडलेला खंड डोळ्यांत भरतो. पण बहुतेक ठिकाणी तारीख दाखवायची की नाही, प्रतिक्रिया उघड्या ठेवायच्या की बंद, हे आपल्या हातात असतं. पुस्तकावरचं लिखाण तारखेवाचून शिळं होत नाही. सुरुवातीला दोन्ही बंद ठेवा, आणि किती जणांनी वाचलं तो तक्ता उघडूच नका.

प्रश्न : माझी धाकटी बहीण अशाच थकव्यातून जातेय. पूर्वी तीही पुस्तकांवर लिहायची. तिला नवी पुस्तकं भेट देऊ का?

उत्तर : सध्या नको. भेट आलेलं पुस्तक वाचून काहीतरी सांगावं लागतं, आणि तिला तेच जड जातंय. 'काय वाचतेस हल्ली?' हेही विचारू नका. तुम्ही तिच्याकडे जाता तेव्हा आपलं पुस्तक घेऊन जा आणि तिच्या शेजारी बसून वाचा, तिला वाचायला न सांगता. तिची तयारी असेल तर एखादी कथा तुम्हीच तिला वाचून दाखवा. ऐकताना तिला काही करावं लागत नाही. पुढे कधी तिनं आपणहून एखादं पान तुम्हाला ऐकवलं, तर मनापासून ऐका, आणि 'हे ब्लॉगवर टाक ना' एवढं मात्र म्हणू नका.